‘विनाकुंपण’चा नियम

आमच्या कंपनीचं नाव ‘विनाकुंपण’. पुण्यात आम्ही नृत्य, नाट्य, संगीत, शिल्प, कविता असं सगळं एकत्र करतो आणि त्यातलं एकही नीट करत नाही. हे मी रागाने म्हणत नाहीये, तो आमचा नियमच आहे. ज्याला जे येतं ते त्याने रंगमंचावर करायचं नाही. येणाऱ्या गोष्टीत माणूस लपून बसतो, न येणाऱ्या गोष्टीत उघडा पडतो, असं आमच्या जाहीरनाम्यात लिहिलंय. जाहीरनामा मी लिहिला, कारण मला लिहिता येत नव्हतं.

त्यामुळे बारा वर्षं कथक शिकलेली रुपाली आमच्याकडे स्टुलावर बसून सातबारा वाचते. लाकडात कोरीव काम करणारा राकेश गातो. आणि मी, प्रतीक्षा, गाण्यात विशारद होऊन आलेली, सहा वर्षं पडदे ओढते आणि प्रोजेक्टर सांभाळते. सयाजी आमचा दिग्दर्शक. तो दिग्दर्शक कसा झाला हे आता वेगळं सांगायला नको.

हसू नका. या सगळ्यावर माझा मनापासून विश्वास होता. मी गुणगुणायचंसुद्धा सोडून दिलं होतं. एकदा पडद्यामागे गुणगुणताना सयाजीने पकडलं आणि म्हणाला, “चोरून रियाज करतेस?” तेव्हा मला खरोखर कुणाच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं. परदेशातली माणसं येऊन आम्हाला ‘धाडसी’ म्हणून गेली. धाडस होतंच. तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर राकेशला गायला लावणं हे भित्र्या माणसाचं काम नाही.

अडचण एकच होती. माझी आई बनाबाई पिंपळवंडीत राहते आणि लेक पुण्याच्या कंपनीत गाते, असं तिने गावभर सांगून ठेवलं होतं.

तिला तसं मी सांगितलं नव्हतं. ‘गात नाही’ असंही सांगितलं नव्हतं. आई स्वतः गाणारी. विहारात वंदना झाली की बाया तिला उठू देत नाहीत. तिची एक ओवी आहे, तिच्या आजीला जिथे दुसऱ्याने ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यावं लागायचं त्या विहिरीची. मी आयुष्यात पहिल्यांदा जे गायले ते हेच. शाळेत जाण्याच्याही आधी.

यंदा सयाजीला ‘मुळांकडे’ नावाचा दौरा सुचला. प्रत्येक कलाकाराच्या गावी एक प्रयोग. कंपनीत आले तेव्हा आईची ओवी मी त्याला ऐकवली होतीच, ती त्याने प्रयोगाच्या मधोमध बसवली आणि राकेशला दिली. मी त्याच्या हातापाया पडायचीच बाकी होते. म्हटलं, एकदाच मला गाऊ दे, माझी आई समोर असणार आहे, सगळं गाव असणार आहे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“प्रतीक्षा, तिथे तर तू अजिबात गाऊ नयेस. ती ओवी तुला सगळ्यात जास्त येते.”

मी मान डोलावली. काय करणार, जाहीरनामा माझाच होता.

प्रयोग विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत, दुपारी चारला. सयाजीला सूर्यास्तानंतरचा अंधार हवा होता, पण जुन्नरहून मांडव घेऊन आलेल्या पीरमहंमदभाईंनी त्याला सांगितलं की अंधार पडला की इथे बिबट्याच्या भीतीने कुणी लेकरांना घेऊन बसत नाही. सयाजीला माणूस आवडला. त्याने त्यांना लगेच प्रयोगात घ्यायचं ठरवलं. ते नाचतील आणि मांडव रुपाली बांधेल.

“न्हाई साहेब,” पीरमहंमदभाई दोर आवळत म्हणाले, “मला मांडव येतो, मी त्योच बांधनार. पडला तर खाली लेकरं बसत्यात.”

रुपाली त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला इतकं साधं उत्तर कधी सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं.

दीडशेक माणसं जमली. टोमॅटोची तोडणी लवकर आटपून बाया आल्या. नारायणगाव इथून जवळ, त्यामुळे तमाशा लोकांच्या अंगात मुरलेला. ढोलकी चढली की उतरली हे इथल्या पोरालाही कळतं. आई इस्त्रीची पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. रुपाली सातबारा वाचत होती, आणि आई विंगेकडे बघत होती. मी कधी येते याची वाट बघत होती.

मग राकेश आला आणि त्याने आईची ओवी सुरू केली. राकेशबद्दल मला वाईट बोलायचं नाही, त्याने कोरलेला मोर बघण्यासारखा असतो. आईने पदर तोंडाला लावला. प्रोजेक्टरमागून मला दिसेना की ती हसतेय की रडतेय. मला स्वतःचीच चीड आली आणि मी दिवसाउजेडी कुणाला न दिसणारी पुढची चित्रफीत लावली.

प्रयोगानंतर आमच्यात ‘संवाद’ असतो. सयाजीने माइक घेऊन विचारलं, तुम्हाला काय जाणवलं? बराच वेळ कुणाला काही जाणवलं नाही. शेवटी गेणभाऊ उठले. त्यांनी तीस वर्षं तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेली.

“पावणं, तुमच्यात गानं कुनालाच येत न्हाई का?”

सयाजी खूश झाला. असा प्रश्न यायचीच तो वाट बघत असतो. त्याने नियम पहिल्यापासून, उदाहरणांसकट समजावून सांगितला. मग माझ्याकडे बोट केलं. “हिला येतं. म्हणूनच ही गात नाही.”

आई पुढे वाकून एकेक शब्द ऐकत होती.

“म्हंजी ह्या भाऊला येत न्हाई म्हनून त्यो गातो,” गेणभाऊ म्हणाले.

“अगदी बरोबर!”

“आन यायला लागलं तर?”

“तर त्याचं गाणं बंद.”

“मग लई वर्सं गानार राव त्यो,” गेणभाऊ म्हणाले, आणि अख्खा मांडव हसला. राकेशसुद्धा हसला.

हसणं थांबल्यावर आई उठली. “साहेब, खेळ संपला न्हवं? मग नियमबी संपला. ये बाळा, म्हन.”

सयाजीने उदारपणे हात पसरून परवानगी दिली. मी पुढे आले. मला भीती वाटत नव्हती, उलट इतका आनंद झाला होता की सयाजीच्या हातातला माइक मी जवळजवळ ओढूनच घेतला. गेणभाऊंनी मांडीवर ठेका धरला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत पाणी ओंजळीत पडतं, तिथे आई सूर सहज वर नेते. मी वर गेले आणि तिथे आवाजच नव्हता. पुन्हा घेतली ओळ. आवाज चिरकला. सूर कुठे आहे ते मला नेमकं माहीत होतं, पण गळा तिथवर पोचत नव्हता. सहा वर्षांत तो तिकडे फिरकलाच नव्हता. बाया खाली बघायला लागल्या. गेणभाऊंचा हात मांडीवरच थांबला. मी गाणं अर्ध्यात सोडलं.

“गाडीचा वारा लागलाय तिला,” आई मोठ्याने म्हणाली. “घसा बसलाय. सकाळपास्नं सांगतीये, गरम पानी पी.” सकाळपासून ती असं एकदाही म्हणाली नव्हती.

इतक्यात सयाजी धावत आला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. त्याने मला मिठी मारली, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, “मित्रहो, आज तुमच्यासमोर फार मोठी गोष्ट घडली. पुढच्या प्रयोगापासून ही ओवी प्रतीक्षा गाणार!”

लोक लेकरं गोळा करून निघायच्या घाईत होते, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईशेजारच्या बायांनी तिला कौतुकाने कोपराने ढोसलं, “ऐकलं का बनाबाई, लेक गानार कंपनीत!”

आईने टाळी वाजवली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. नियम तिने नीट ऐकला होता.