तात्यासाहेबांच्या घरचा वस्तरा

तुकारामाने पितळी खिळ्याचं डोकं कानशीने घासून सपाट केलं, त्यावर खिळा पाडायचा बारीक पोगर टेकवला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. तडकलेली हस्तिदंती मूठ दोन फाका होऊन त्याच्या मांडीवर पडली आणि पातं मोकळं झालं. गंज वरवरचा होता. विटेच्या भुकटीने आणि तेलाने निघण्यासारखा होता.

"कुणाचा म्हणे?" त्याच्या बायकोने, मालनने, चुलीपाशी बसूनच विचारलं.

"तात्यासाहेब वकिलांचा. नातवाची मुंज आहे. घरचाच वस्तरा पाहिजे म्हणाले, हा पेटीत पडला होता."

"म्हणजे त्यांच्या सुनेच्या, इंदिराबाईंच्या मुलाची? बिचारी. गेल्या श्रावणात नवरा गेला, आता हे एवढंच सुख बघायचं." मालन थांबली. "पण तुम्ही आता तीन-चार दिवस याच्यातच गुंतणार. बाकीची गिऱ्हाइकं काय दाढ्या वाढवून बसतील?"

"बसू दे थोडी. फिकर नको करू."

देवासातच नव्हे, हाटपिपल्यापासून खातेगावापर्यंतचे न्हावी जुने वस्तरे तुकारामाकडे धाडत. पण या वस्तऱ्याची गोष्ट वेगळी होती. तीन वर्षांपूर्वी, संस्थान विलीन झालं त्या साली, गावातल्या सगळ्या न्हाव्यांची सभा भरली होती. प्रत्येकाने आपला वस्तरा ताटात ठेवला आणि तात्यासाहेबांनी एकेक शब्द सांगून शपथ घ्यायला लावली, की या वस्तऱ्यांनी आम्ही कुठल्याही विधवेचं डोकं भादरणार नाही. ताटातला वस्तरा पहिल्यांदा उचलला तो तुकारामाने. त्यापायी त्याची गिऱ्हाइकीची दोन जुनी घरं तुटली, पण सभेत तात्यासाहेबांनी चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. वकिलाच्या एका शाबासकीवर तीन वर्षं खूश राहणारा माणूस भोळाच म्हणायचा. तुकाराम तसाच होता.

त्याने शिसवीच्या दोन पट्ट्या तासल्या, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केल्या. खिळा ठोकताना जीव मुठीत धरावा लागतो. घट्ट बसला तर वस्तरा उघडत नाही, सैल राहिला तर बंद करताना धार मुठीला लागते. चौथ्या दिवशी त्याने चामडी पट्ट्यावर पातं फिरवलं, मनगटावरचे चार केस उडवून पाहिले आणि समाधानाने ते फडक्यात गुंडाळलं. मुंजीला दोन दिवस होते.

वस्तरा द्यायला तो गेला तेव्हा तात्यासाहेबांच्या दारात अजून मांडव नव्हता. ते त्याला थेट मागच्या अंगणात घेऊन गेले. विहिरीपाशी पाटावर इंदिराबाई बसल्या होत्या. नुकत्याच न्हालेल्या, ओले केस पाठीवर मोकळे. तात्यासाहेबांनी मागच्या दाराला कडी घातली.

तुकारामाने पाटाकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. फडकं त्याच्या हातातच राहिलं.

"आपण मुंज म्हणालात."

"खोटं कुठं बोललो? मुंज आहेच परवा," तात्यासाहेब हळू आवाजात म्हणाले. "धारची सगळी सोवळ्यातली मंडळी येतायत. हिच्या डोक्यावर केस असले तर एकजण पानावर बसायचा नाही. तुझ्या हातून झालं म्हणजे बाहेर फुटणार नाही."

इंदिराबाईंचे दोन्ही हात केसांवर गेले.

"शपथ आपणच दिलीत, तात्यासाहेब."

"दिली ना. पण शब्द आठव. 'या वस्तऱ्यांनी' असं म्हणवून घेतलं होतं मी. ताटात होते ते. हा ताटात नव्हता."

म्हणजे त्यासाठी हा वस्तरा पेटीतून निघाला होता. त्यासाठी तो चार दिवस घासत बसला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तेही त्याच्याच हाताने धार लावून. तुकारामाला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. तो विहिरीच्या काठावर बसला. धोकटीतून कानस काढली आणि नव्या कोऱ्या खिळ्यावर चालवू लागला.

"हे काय करतोस?"

"मूठ माझी आहे. पातं आपलं आहे."

"वेडा आहेस. दुसरा मिळेल मला."

"मिळेल."

ठोका बसला. शिसवीच्या दोन्ही पट्ट्या त्याने धोकटीत टाकल्या आणि नागडं पातं विहिरीच्या दगडावर ठेवलं. तात्यासाहेब कडी काढून आत निघून गेले. कुणाला तरी बोलावणं धाडायचं असेल.

इंदिराबाई पाटावरून उठल्या होत्या. ओल्या केसांवर पदर ओढून त्या पात्याकडे बघत होत्या.

"हा तुम्हीच नीट केलात?"

मलाही फसवलं, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण निघालं एवढंच, "होय, वहिनीसाहेब."

"मुंजीआधी आईला न्हावं लागतं म्हणाले, म्हणून न्हाले. मग कानावर आलं, माझ्यासाठी न्हाव्याला बोलावलंय. पळूनच जाणार होते मी माहेरी." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तेवढ्यात कळलं, तुकाराम येतोय. मग निर्धास्त बसले."