अकरा नंबरची मांजर

माऊस उपडा केला की त्याच्या पोटातनं लाल उजेड यायचा, आणि सोनाली तो उजेड तळहातावर धरून बसली होती, मेंदीचा ठिपका असावा तसा... कारण समोरचा स्क्रीन काळा होता, सगळ्यांचेच काळे होते, मोरे सरांनी त्यांच्या मशीनवरनं कुलूप घातलं होतं आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरात 'इकडे बघा' एवढंच. अख्खी लॅब सरांकडे बघत होती. सोनाली नव्हती. सर आता काय म्हणणार ते तिला माहीत होतं.

"अनुपमाचं काम बघा रे सगळ्यांनी."

आणि एका क्षणात सगळ्या स्क्रीनवर तीच नारिंगी मांजर. सोनालीची मांजर. काल तासभर डोकं खाजवून, स्क्रीनवर हुकमांचे ठोकळे एकाखाली एक लावून तिला चालायला शिकवलं ते सोनालीनं, तिच्या पायाखालचा रस्ता रंगवला तो सोनालीनं, आणि वर कोपऱ्यात नाव अनुपमाचं — कारण एका मशीनवर दोघी, पण सरांच्या त्या सॉफ्टवेअरात एका मशीनला एकच नाव. शाळा सुरू झाली तेव्हा सरांनी विचारलं होतं, "अकरा नंबरला अनुपमाचं नाव घालतो, चालेल ना गं सोनाली?" आवाज कसला, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलतात तसला. चालेल सर, म्हणाली ती. नाय कोण म्हणणार? अनुपमा तळीयेची. दरडीत घर गेलेलं, घरातली माणसं गेलेली, आता बिरवाडीला मामाकडे राहते. तिला नाय म्हणायचं नसतं हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांना येत होतं. मागच्या बाकावरचा साहिल स्वतःच्या बापाची नक्कल करतो, पण अनुपमाची चेष्टा? कधीच नाय. आणि एकदा परातीत भाकरी थापताना सोनालीच्या मनात आलं होतं, तेव्हा आपल्या पण घरावर... पुढचं तिनं मनात येऊच दिलं नाही, भाकरीवर एवढ्या जोरात हात मारला की ती मधोमध फाटली. "काय गो, कुणाचा राग काढतेस पिठावर?" आई म्हणाली होती.

कुणाचा ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

सोमवारपासून सातवीच्या तासाला त्यांच्या नववीतली एक मुलगी सरांच्या खुर्चीत बसणार होती. सरांच्या मशीनवर सगळ्यांचे स्क्रीन एकदम दिसतात, टिकल्यांच्या पाकिटावर टिकल्या असतात तसे बारीक बारीक, ओळीनं. कोण काम करतंय, कोण नुसतंच माऊस फिरवतंय. हवी ती टिकली मोठी करायची, हवी ती काळी. सोनालीला ती खुर्ची हवी होती, भूक लागावी तशी हवी होती. आणि सर निवडणार ते टिकलीखालचं नाव बघून. एकदा तरी ही बया उठून म्हणेल, सर, हे सोनालीनं केलंय... नाय. नुसती शेजारी बसते, हात मांडीवर, वेणीचं टोक दातात. बघत.

"अनुपमा, आता तिला भिंतीपर्यंत ने आणि परत फिरव," सर म्हणाले. "सगळे बघतायत हं."

मांजर चालत गेली. स्क्रीनच्या काठाला तोंड आत घालून अडकली, बाहेर नुसती शेपूट. कुठला ठोकळा लावायचा ते सोनालीला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिनं माऊसवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"सोनू, कर ना गो," अनुपमा कुजबुजली.

"नाव तुझं हाय."

सगळ्या स्क्रीनवर तेवढी शेपूट. मागं साहिल खाकरला — पण हसला नाही. बघा, अजून पण नाय. "राहू दे अनुपमा, असू दे," सर म्हणाले, तोच तो उशाजवळचा आवाज, आणि सोनालीच्या जिभेवर काहीतरी गोड आलं आणि लगेच कडू झालं.

मग माऊस सरकला. वायर सोनालीच्या गुडघ्यावर ताणली गेली. अनुपमा एकेक ठोकळा शोधत होती, हळू, अंधारात काडेपेटी शोधावी तशी, पण सापडत होते. काठावरनं मागं फिरायचा ठोकळा. तो बरोबर बसला. आणि त्याच्याखाली आणखी एक, मांजरीला बोलायला लावणारा, ज्याला सोनालीनं कधी हातच लावला नव्हता. एका बोटानं टायपिंग. अख्खी लॅब एकेक शब्द वाचत होती.

मांजर भिंतीला गेली, म्हणाली, 'भिंत हाय गो बाय, चल मागं,' आणि उलटी होऊन, पाय वर, डोकं खाली, टुकूटुकू परत आली.

"अगो अनुपमा, तुझ्या मांजरीनं घेतलीय काय?" साहिल.

सगळ्यांच्या माना साहिलकडे वळल्या. म्हणजे असं कुणी तिला...

"तुझ्याच घरचं दूध प्यायली रे," अनुपमा म्हणाली.

मग जे हसू फुटलं... "ए, गप्प बसा, चावडी आहे काय ही?" सर ओरडले. अनुपमावर पण ओरडले, सगळ्यांवर ओरडतात त्याच आवाजात. आणि अनुपमा हसत होती, हिरड्या दिसेपर्यंत. इतके महिने मांडीला मांडी लावून बसून हे हसू सोनालीनं एकदा पण बघितलं नव्हतं. आपण पण हसतोय हे तिला मागनं कळलं, तेव्हा तिनं ओठ मिटले.

"सोमवारचं उद्या सांगतो," सर म्हणाले, आणि स्क्रीन पुन्हा काळे झाले. काळ्या काचेत दोघींची तोंडं. एक अजून हसत होतं.

उलटी मांजर सरळ करायला एक क्लिक पुरतो. सोनालीला ते येत होतं. माऊस तिच्या हातात असता तर कुणी बघायच्या आत तिनं ती सरळ केली असती, आणि मग कुणीच हसलं नसतं... वायर अजून गुडघ्यावर होती. एवढे दिवस आपण नावावर जळत होतो, दरडीवर जळत होतो... ते जळणं आता शोधून सापडत नव्हतं, आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते जास्त दुखत होतं. मांजर उलटीच चांगली होती. हे आपल्याला कधी सुचलं नसतं.