उरलेल्या पाच कॅप्सूल

फ्रिजचं दार करकरलं आणि फिरोजाची मोजणी चुकली. दुपारपासून ती तीन वर्षांच्या अफानच्या छातीवर हात ठेवून त्याचे श्वास मोजत होती. तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

पंधरवड्यापूर्वी त्याची आठ वर्षांची बहीण, आफरा, अशीच फणफणली होती. फ्लू. पाच दिवसांच्या दहा कॅप्सूल. तिसऱ्या दिवशी पोर अंगणात उड्या मारायला लागली, तेव्हा शेजारच्या नीराबाई म्हणाल्या, "बरी झाली न्हवं? मग कशाला पोटात इख घालतेस तिच्या? उरलेल्या ठेव जपून. आमच्या पूनमच्या अजून हायत माझ्याकडं!"

फिरोजानं उरलेल्या पाच कॅप्सूल फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खाचेत ठेवल्या. या घरात काही वाया जात नाही. पोरांचा बाप खलील कुवेतहून आणतो ती चॉकलेटंसुद्धा दोघांत अर्धी-अर्धी होतात.

मग अफान तापला. तिनं आपल्या मनानंच कॅप्सूल उघडून अर्धी-अर्धी पूड मधातून चाटवली. ताप उतरला. परवा पुन्हा चढला, तो हटेना.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नाकातला नमुना घेतला. उरलेल्या कॅप्सूलचं सगळं ऐकूनही त्या रागावल्या नाहीत. फिरोजाला त्याचीच जास्त भीती वाटली.

"अर्धवट औषधानं सगळे विषाणू मरत नाहीत. जे उरतात, त्यांच्यावर कधी कधी तेच औषध चालेनासं होतं. इथं तसंच झालंय असं नाही, पण तपासायला हवं. चार दिवस लागतील. तोवर श्वास मोजा. मिनिटाला चाळीसच्या वर गेले तर माझी वाट बघू नका, थेट अलिबागच्या इस्पितळात न्या."

अडतीस. एकोणचाळीस. घड्याळाचा सेकंदकाटा अजून बारावर यायचा होता. चाळीस. एक्केचाळीस. बरगड्यांखाली पोराचं पोट आत खचत होतं.

"या अल्ला." तिनं रिक्षावाल्याला फोन लावला, ओढणी सावरली, अफानला उचलून खांद्यावर टाकलं. त्याची मान निखाऱ्यासारखी तिच्या गळ्याला टेकली.

दारात आफरा उभी होती, हातात फ्रिजमधली रिकामी स्ट्रिप घेऊन.

"अम्मी, ही माझीच ना? कडू हाय, नको, म्हणून मीच रडले होते ना?"

"चप्पल घाल, बेटा. चल लवकर."

आफरा हलली नाही.

"मी सगळ्या खाल्ल्या असत्या, तर अफान आजारी पडला नसता का गं?"