मिटलेली मूठ

फिजिओथेरपिस्ट देवश्रीने तो जाडजूड व्हीआर चष्मा स्टीफनच्या डोळ्यांवर बसवला, पट्टा ताणला आणि विचारलं, "काय दिसतंय?"

"हात," स्टीफन म्हणाला. मग घोगऱ्या आवाजात, "दोन्ही."

त्याचा उजवा पंजा सुगीत चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्रात गेला होता. पण गेलेला हात गप्प बसेना. मूठ आवळलीय, नखं तळव्यात रुततायत, असं म्हणत स्टीफन कण्हत राही. गोळ्या झाल्या, झाडपाला झाला. शेवटी पारनेरच्या डॉक्टरांनी नगरला धाडलं. देवश्री म्हणाली, डोळ्यांना मूठ उघडताना दाखवू, म्हणजे मेंदूची समजूत पटेल.

कोपऱ्यात बसलेल्या मरियाला, त्याच्या बायकोला, वेगळीच धास्ती होती. दवाखान्याने परत दिलेला तुटका पंजा तिने आणि तिच्या दिराने, पीटरने, चर्चमागच्या दफनभूमीत पुरला होता. शुद्धीवर येताच स्टीफनने पहिलं तेच विचारलं. सागवानी पेटी केली, बोटं सरळ ठेवली, असं दोघांनी ठोकून दिलं. खरं तर रविवारचा सुतार मिळेना, म्हणून घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. डबा लहान. बोटं दुमडावी लागली. पुढे शेजारची चांगुणामावशी सहज बोलून गेली, "मूठ मिटून पुरलं, तर दुखनं जात न्हाई बाई." तेव्हापासून मरियाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"आता डावा पंजा हळूहळू उघडा," देवश्री म्हणाली. "चष्म्यात उजवाही उघडेल."

स्टीफनच्या कपाळावर घाम आला. डाव्या हाताची बोटं थरथरत सुटू लागली.

"उघडतीय! मरिया, नखं निघाली गं!"

मरियाला रडू फुटलं. म्हणजे डब्याचा काही संबंध नव्हता तर. उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

स्टीफनची बोटं अर्ध्यावर थांबली.

"पूर्ण उघडा ना," देवश्री म्हणाली. "समोर काहीच नाहीये."

"हाय की. अडतंय. गार लागतंय, पत्र्यावानी."

देवश्री हसली. "भास असतो तो. होतं असं."

स्टीफनने चष्म्यासकट मान कोपऱ्याकडे वळवली.

"मरिया, पेटी लाकडाची हुती ना गं?"

मरिया उठली. व्हरांड्यात येऊन तिने पीटरला फोन लावला. 

"भावजी," ती म्हणाली, "आजच सुताराला गाठा. पेटी चांगली लांब सांगा."