मामीच्या चेहऱ्यावरचा वास

पॉलिशवाल्या मामांच्या हाताची ख्याती अशी, की त्यांनी चमकवलेल्या कपाटासमोरून जाताना एक गृहस्थ थबकला, बाजूला सरला आणि समोरच्याला म्हणाला, "आधी तुम्ही." समोर तो स्वतःच होता. असे दोघं बराच वेळ एकमेकांना वाट देत उभे होते म्हणतात. एका मांजरीनं तर मामांच्या टेबलातल्या मांजरीशी असं वैर धरलं, की शेवटी दोघीही वाळल्या. यातलं किती खरं ते विचारू नये. टेबल मात्र खरं होतं.

पण मामांना विचारलं तर ते म्हणत, घरातलं खरं कसब मामीच्या नाकात आहे. दिसायला बेताचं, शेंड्याला जरा उचललेलं, पण दुधानं उतू जायचं नुसतं मनात आणायचं, तोवर ही गॅसपाशी हजर. जिन्यावर कोण चढतंय हे ती दार न उघडता सांगायची, वर त्यानं वाटेत काय खाल्लं तेही. एकदा जावई सिगारेट सोडली म्हणून छाती काढून बसला होता. मामीनं एक श्वास घेतला आणि राख झाडायला त्याच्यापुढे बशी आणून ठेवली. त्यानंतर त्यानं खरंच सोडली.

असं नाक घरात असल्याचा मामांना भारी अभिमान. आणि अलीकडे त्यांचं त्या नाकावाचून पान हलत नव्हतं, हे मात्र फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

झालं असं, की एका सकाळी त्यांनी पॉलिश पातळ करायच्या थिनरचा डबा उघडला आणि वासच आला नाही. पाणी आहे की काय म्हणून बोट बुडवलं, तर गार लागलं आणि बघता बघता उडून गेलं. म्हणजे थिनरच. मामा उलट खूश झाले. इतकी वर्षं झोंबायचं, आता नाक सरावलं एकदाचं. पण दुपारचा चहाही नुसताच गरम आणि गोड लागला. मग त्यांनी साबण हुंगला. मग बूट. मग जावई विसरून गेलेला मोजा. मोज्यानंही दगा दिला तेव्हा त्यांना कळलं, की नाक सरावलेलं नाही, गेलंय.

सांगणार कुणाला? मामीला सांगितलं की ती डॉक्टरकडे नेणार, डॉक्टर म्हणणार काम बंद, आणि पॉलिशच्या खोलीत पाळणा अर्धा पडलेला. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची, तिचे दिवस भरत आले होते. पाळणा मामांनी स्वतः रंधा मारून, जोडून उभा केला होता, पॉलिश तेवढं पुरं व्हायचं होतं. आजवर लोकांच्या घरात आरसे केले, आता नातवंडाच्या अंथरुणाला करायचा. डोळे उघडल्या उघडल्या बाळाला आपलं रूप दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा.

म्हणून मामांनी एक युक्ती काढली. नाक गेलं तर गेलं, डोळे शाबूत होते. ते मामीचा चेहरा वाचायला लागले. तिनं भांड्यावरचं झाकण काढलं आणि तिच्या भुवया वर गेल्या, की हे म्हणणार, "वा, काय वास सुटलाय." तिनं ओठ मुडपले की हे नाक धरून खिडकीकडे. संसार जुना, चेहरा पाठ. सगळं असं बेमालूम जमलं, की मामांना वाटलं, नाक ही चीज देवानं उगाच दिली, बायको दिली की पुरे.

फक्त खोकला काही चेहरा वाचून थांबेना. नाकातून पाणी वाहायचं, घसा खवखवायचा, आणि जिना चढताना छातीत कुणीतरी बारीक शिट्टी वाजवायचं. मामा म्हणायचे सर्दी आहे. कारण त्यांच्या लेखी पॉलिशवाल्याला खरा शत्रू एकच, धूळ. लॅकरच्या ओल्या लेपावर एक कण बसला तरी आरशाला देवी आल्यासारखं दिसतं. म्हणून मामा खोलीच्या खिडक्यांच्या फटी कागदानं चिकटवायचे, दाराखाली ओलं फडकं कोंबायचे, तोंडाला ओला रुमाल बांधायचे, आणि मग स्प्रेगन हातात घ्यायचे. आत धुळीचा कण शिरायचा नाही. वाफेचा कण बाहेर जायचा नाही.

मामीला संशय आला तो चहावरून. एरवी पावडर जरा जुनी झाली तरी नाक मुरडणारा माणूस काहीही पितोय.  एका दुपारी तिनं टेबलावर झाकलेलं पातेलं आणून ठेवलं, झाकण उचललं, डोळे मिटले, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद आणला, की जणू आत अत्तर उकळतंय.

मामा पुढे वाकले, भरपूर श्वास घेतला. "वा. आज काय विशेष?"

"पोछ्याचं पाणी," मामी म्हणाली.

मामा हसले. मी पण गंमतच केली, म्हणाले. मामी हसली नाही. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं, पण आता तिथे वाचायला काही ठेवलेलं नव्हतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

मामांनी सांगितलं. मोज्यासकट सगळं सांगितलं. मामीनं डॉक्टरकडे जायचं ठरवून टाकलं, आणि मामा उद्या नक्की म्हणून कबूलही झाले. पाळण्याला शेवटचा एकच हात द्यायचा राहिलाय, एवढं मात्र ते बोलले नाहीत.

ती वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेली आणि मामा खोलीत शिरले. फडकं कोंबलं, रुमाल बांधला. हात असा सुरेख बसत गेला, की पाळण्याच्या कडेत त्यांना दिव्यातली तार दिसायला लागली. मग दोन दिवे दिसले. मग डोळ्यांतून पाणी असं धो धो आलं, की दिवाही दिसेना, दारही दिसेना. छातीतली शिट्टी एकदम मोठी झाली आणि मधेच तुटली. श्वास आत जात होता तो सुईच्या नेढ्यातून गेल्यासारखा. हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. तीही थोडी.

तेवढ्यात दाराबाहेर मामी शिंकली.

त्या शिंकेबद्दल गल्लीत अजून बोलतात. तीन इमारती पलीकडचा शिंपी सांगतो, की त्याचं मशीन आपोआप चार टाके पुढे गेलं. समोरच्या म्हाताऱ्याची कवळी पेल्यातून उडून परत तोंडात बसली. ते काही असो. फडक्यातून झिरपलेली वाफ तिच्या नाकाला लागली आणि नाकानं तिला काय ते सांगितलं. तिनं दार ढकलून उघडलं, कपड्यांची काठी घेऊन खिडकीच्या कागदात घुसवली, आणि मामांना बगलेत धरून गॅलरीत ओढत आणलं. अंगानं ती मामांच्या निम्मी. ते म्हणतात, आपले पाय जमिनीला लागलेच नाहीत.

खिडकीतून वारा आत आला, आणि सोबत धूळ, कापूस, कबुतराचं एक पीस. सगळं आरामात पाळण्यावर जाऊन बसलं. मामांना ते गॅलरीतून दिसत होतं. ओरडायला आवाज नव्हता, आणि थोड्या वेळानं श्वास आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ओरडावंसंही वाटत नाहीये.

डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढी होती. तिनं नळीनं नाकात पाहिलं, छाती ऐकली, आणि समजुतीनं सांगितलं. नाकाच्या आत बारीक लव असते, ती दिवसरात्र झाडू मारत असते. तुम्ही त्या झाडूवालीला रोज थिनर पाजलंत, ती आडवी झाली. वास ओळखणारा नाजूक भाग त्या वाफेनं पोळला. खाली नळ्या सुजून आवळल्या, म्हणून शिट्टी. आणि ओल्या रुमालानं वाफ अडवायची म्हणजे मच्छरदाणीनं धूर अडवायचा.

"शिंक, खोकला, नाकाचं पाणी, ही घरची राखणदार माणसं, मामा. ती ओरडत होती. तुम्ही त्यांना सर्दी म्हणालात."

नाक परत येईल का, एवढंच मामांनी विचारलं. ती म्हणाली, येईलही, पण शब्द देत नाही. औषध लिहून दिलं, ओढायचा पंप दिला, आणि स्प्रेगन बंद. पुढे कधी हातात घ्यायचीच तर आधी वाफ ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि वाफ शोषणारा खरा मास्क.

बाळ आलं. मुलगी. पाळणा तयार नाही म्हणून ती कपड्यांच्या टोपलीत झोपली, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. पाळणा गॅलरीत वारा खात उभा. बसलेली धूळ, कापूस, पीस, सगळं लॅकरमध्ये पक्कं झालेलं. मामांनी ते घासायला पॉलिशपेपरही लावला नाही. ज्या माणसानं एका कणासाठी खिडक्या चिकटवल्या, तो माणूस रोज सकाळी मामीला पाळण्यापाशी बोलवायचा आणि निमूट बाजूला उभा राहायचा. मामी डोकं आत घालायची, आणि बाहेर काढून म्हणायची, अजून झोंबतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा. लेक कंटाळली, जावई म्हणाला आता कसला वास, मला तर येत नाही. मामांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमचं नाक ठेवा बाजूला," ते म्हणाले. "या घरात एकच नाक चालतं."

मग एका सकाळी मामीनं डोकं आत घातलं आणि ते काढलंच नाही. बराच वेळ गेला. मामा घाबरले. पण ती आतून म्हणाली, लाकूड. नुसतं लाकूड येतंय. आणा तिला.

पुढे बाळ मान धरायला लागलं तेव्हाची गोष्ट. मामी स्वयंपाकघरात, भिंतीपलीकडे, पाठ करून भांडी घासत होती. लेक खिडकीत केस विंचरत होती. मामा पाळण्याला झोका देत होते आणि त्या पिसाकडे बघत होते, जे कडेला असं छान चिकटून बसलं होतं, की आता लोकांना ती मुद्दाम केलेली नक्षी वाटायची. एकाएकी त्यांचा हात थांबला. नाकपुड्या हलल्या. एकदा, दोनदा. मग त्यांनी डोळे मिटले आणि चेहऱ्यावर तोच आनंद आला, जो मामीच्या चेहऱ्यावर पोछ्याच्या पाण्यापाशी आला होता. फक्त हा खरा होता.

"अगं," त्यांनी हाक मारली, "हिनं शी केलीय."

 लेकीनं कंगवा खाली ठेवला. मामी ओल्या हातांनी दारात आली. तिनं आधी मामांकडे पाहिलं, मग पाळण्यात वाकून एक श्वास घेतला, आणि तिचा चेहरा इतका भयंकर झाला, की कुणालाही पुरावा लागू नये. पण मामा तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. ते पाळण्यात नाक खुपसून होते.

"पुरे आता," मामी म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. वासानंच पाणी आलं, असं ती अजूनही सांगते.

"एक मिनिट थांब," मामा म्हणाले. "लंगोट एवढ्यात बदलू नकोस."