वरच्या मजल्याची संमती

करी रोडच्या आमच्या सोसायटीचा मी बावीस वर्षं सेक्रेटरी आहे. एवढी वर्षं हे काम केलं की एक रोग हमखास जडतो. सगळं आपल्यालाच कळतं असं वाटायला लागतं.

आमच्याकडे एक रीत आहे. गणपतीला, शिमग्याला घरांना कुलपं लावून लोक गावी जातात, तेव्हा सही केलेला एक कोरा कागद माझ्याकडे ठेवून जातात. मागे मीटरचं, पाण्याचं काही निघालं तर अडायला नको. त्या कागदाचं काय केलं, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

शेवंती सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. तिचा नवरा माझा मित्र. तो गेल्यापासून ती मला भावाच्या जागी मानते. यंदा ती शिमग्याला गावी गेली ती पावसाळ्यापर्यंत तिथेच राहिली आणि इकडे एक मोबाईल कंपनी आमच्या गच्चीवर टॉवर बसवायला तयार झाली. भाड्यातून बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली असती. पण नियमाप्रमाणे वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराची लेखी संमती लागत होती. बाकी तिघांनी दिली. शेवंतीला फोन करायला हवा होता. मी केला नाही, कारण ती नाही म्हणणार हे मला ठाऊक होतं. तिच्या कोऱ्या कागदावर, सहीच्या वर, मी सुवाच्य अक्षरात संमती लिहून टाकली. लिफ्ट काय, तिलाही लागणारच होती.

ती परतली तेव्हा टॉवर तिच्या डोक्यावर उभा होता. तिची मुलगी प्राची पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सासरच्यांनी कळवलं, टॉवरखाली आम्ही तिला पाठवणार नाही. टॉवरच्या किरणांची ही भीती कितपत खरी, यावर मी तासभर वाद घातला असता. शेवंतीने वाद घातला नाही. तिने वॉर्ड ऑफिसात तक्रार दिली की आपण संमती दिलेलीच नाही. तक्रार कंपनीविरुद्ध होती. माझा संशय तिच्या मनालाही शिवला नव्हता.

सुनावणीला साहेबांनी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने सही पाहिली. मग वरचं अक्षर पाहिलं. बावीस वर्षं जिन्याखालच्या सूचनांच्या फळ्यावर ती तेच अक्षर वाचत आली होती.

सही आपलीच आहे, असं तिने सांगितलं.

"मजकूर वाचून सही केलीत का?" साहेबांनी विचारलं. "नसेल तर तसं सांगा. परवानगी रद्द होईल. ज्याने हे लिहिलं त्याच्यावर गुन्हा दाखल होईल."

शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. मी फाईल चाळायला लागलो. तिने पाणी मागितलं, सावकाश प्यायली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी फाईलचं पुढचं पान उलटलं. खरं सांगायचं तर मला तुरुंगाची नाही, लोकांची भीती वाटली.

"वाचून केली," ती म्हणाली. तक्रार निकाली निघाली.

बाहेर जिन्यावर मी तिला गाठलं. प्राचीला माझ्या घरी, पहिल्या मजल्यावर ठेवू, मी सगळं करतो, असं बरंच काही बोललो. तिने ते ऐकून घेतलं.

"मी थांबलेली, अण्णा. दोनदा. तुमी बोलशात, असा वाटला माका."