फेंगडी तिवई

एवदोकियाचं चुकलं ते भट्टी लावताना. चुकलं कसलं, तिने जाणूनबुजून केलं!

लापिथोस गावच्या कुंभारांत लग्नाला नवरा-नवरी कोरलेला वाडगा लागतोच; त्यातली वाइन दोघांनी प्यायल्याशिवाय लग्न झालं असं कुणी मानत नाही. त्या वर्षी घरात दोन लग्नं होती. एक एवदोकियाच्या लेकीचं, आंथूसाचं; दुसरं तिच्या विधवा थोरल्या जावेच्या, मारूलाच्या लेकीचं, लुकियाचं. दोन्ही वाडगे एकाच भट्टीत. वाडग्यावर वाडगा चढवायचा तर मध्ये मातीची तीन पायांची तिवई हवी, नाहीतर झिलई वितळून भांडी एकमेकांना चिकटतात. मारूला लेकीच्या वाडग्यात तिवई ठेवून जेवायला गेली. इकडे आंथूसाच्या वाडग्यातली तिवई एवदोकियाच्या हातात मोडली, आणि दुसरी शिल्लक नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं, लुकियाची काढून आंथूसाच्या वाडग्यात ठेवली आणि लुकियाच्या वाडग्यावर तसंच दुसरं भांडं चढवलं. "निभावेल," ती स्वतःला म्हणाली. निभावतंय डोंबल!

भट्टी उघडल्यावर ते वरचं भांडं उपटलं, तर त्याच्याबरोबर लुकियाच्या वाडग्यातल्या नवरीचं तोंडच निघून आलं. वाडगा बघायला शेजारच्या करवास गावाहून लुकियाच्या होणाऱ्या नवऱ्याची आई आली होती. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "देवानेच तोंड पुसलंय हिचं. ही सोयरीक आम्हाला नको." दुसरा करून देतो म्हटलं, तरी बाई ऐकेना.

"तिवई ठेवली होती गं मी!" मारूला कपाळ बडवत होती. "का नुसतं मनात आलं आणि राहिलं?"

"विसरला असाल, जाऊबाई," एवदोकिया म्हणाली. "भावजी गेल्यापासून तुमचं लक्ष तरी कुठं असतं!"

जीभ कशी झडली नाही मेलीची! त्या दिवसापासून लुकिया समोर आली की ही मान खाली घाली. कितीदा तरी सांगायला तोंड उघडलं. दर वेळी वाटे, आंथूसाचं तेवढं होऊन जाऊ दे.

झालं. लग्नात जोडप्याने वाइन संपवली, बायका ओरडल्या, हसल्या. रिकामा वाडगा धुवायला मारूलाच्या हातात आला. आत तिवईच्या पायांचे तीन डाग होते. ते असतातच. पण इथे दोन जवळजवळ आणि तिसरा पार लांब पडलेला. मारूलाच्या नवऱ्याने मरायच्या आधी केलेली ही शेवटची तिवई. "काय ही फेंगडी!" म्हणून ती त्याला चिडवायची, आणि लेकीच्या वाडग्यात तिने मुद्दाम तीच ठेवली होती.

तिने एकेका डागावर बोट ठेवलं आणि जावेकडे पाहिलं.

"मीच काढली, जाऊबाई," एवदोकियाला रडू फुटलं. "चपलेने मारा मला."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं तर," मारूला म्हणाली. "मला काय सांगतेस? करवासला जाऊन त्या बाईला सांग."

"उद्या उजाडताच जाते."

"आत्ता. तुझ्या लेकीची पाठवणी मी करते."

अंगणात आंथूसा आईला हाका मारत होती. एवदोकियाने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि मागच्या दाराने करवासची वाट धरली.